तिन्हीसांजेला गोठ्यात-पडवीत चावणारी चिलटं दरवर्षी परत येतात : काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

पाऊस ओसरायला लागला की भाद्रपदापासून मला ठरावीक फोन सुरू होतात. एक म्हणजे गोठेवाल्यांचा, "गाय धार काढू देत नाय, लाथा झाडते, फवारणी केली तरी फरक नाय". दुसरा होमस्टेवाल्यांचा, "गेस्टच्या पायावर पुरळ उठलंय, ढेकूण आहेत म्हणून खाली रिव्ह्यू टाकून गेले". गुहागर-दापोली पट्ट्यात गोठे बांधणं आणि जुने दुरुस्त करणं हे माझं काम, त्यामुळे हे प्रकरण सारखं समोर येतं, आणि दोन्ही फोनचं कारण बऱ्याचदा एकच निघतं, चावरी चिलटं. डास नव्हेत. म्हणूनच डासांवरचे सगळे उपाय करून माणसं दमतात आणि चिलटं आहेत तिथेच राहतात.

आधी लक्षणं जुळतात का बघा

दिवेलागणीच्या आगेमागे आणि पहाटे त्रास जास्त. भर उन्हात नाही, पण ढगाळ दमट दिवस असला की दुपारी सावलीतही चावतात. चावताना चटका बसतो, हात मारून बघावं तर काहीच नाही, फार तर मिरपुडीच्या कणाएवढं काळं काहीतरी. कानाशी गुणगुण अजिबात नाही. त्या वेळी थोडं दुखतं आणि खरी खाज रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सुटते, लाल गांधी येतात, काहींना आठवडाभर जात नाहीत. घोटे, पोटऱ्या, कोपरापासून खालचे हात, म्हणजे जे उघडं असेल ते.

जनावरात बघायचं तर गाय पाय आपटते, शेपटी झोडत राहते, कान फडफडवते, पान्हा चोरते. बॅटरी घेऊन पोटाखाली बघा, बेंबीच्या रेषेत, कासेवर, मांड्यांच्या आत जिथे केस विरळ असतात तिथे बारीक बारीक सुकलेल्या रक्ताचे ठिपके आणि खरखरीत कातडी दिसते. घोड्याच्या बाबतीत आयाळ आणि शेपटीचं मूळ, घासून घासून केस गेलेले असतात. किनाऱ्यावर टांगे आणि घोडे चालवणाऱ्यांनी हे बघितलेलं असणारच, ती खरूज नसते, चिलटांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते.

सकाळी उठल्यावर ओळीत चावे आणि चादरीवर रक्ताचे डाग असतील तर तो ढेकूणच. बोटांच्या बेचक्यात रात्रीची खाज, घरात सगळ्यांनाच, तर खरूज समजून डॉक्टरकडे जा. भर दिवसा जनावराच्या पायावर घरमाशीसारखी दिसणारी माशी बसून रक्त काढते ती गोठ्यातली चावरी माशी, तिचाही इलाज स्वच्छता हाच आहे पण ती वेगळी. गोचीड तर डोळ्यांना दिसतेच.

हा किडा आहे कोण, थोडक्यात

शास्त्रीय नाव क्युलिकॉइडिस, लांबी १ ते ३ मिलिमीटर, जगात तेराशेच्या वर जाती आणि त्यातल्या काहीच आपल्या कामाच्या. चावते ती मादीच, अंडी पिकवायला तिला रक्त लागतं. डासासारखी सुई नाही खुपसत, तोंडाला बारीक दातेरी पाती असतात, त्याने कातडी कापते आणि साचलेलं रक्त चाटते, चटका बसतो तो त्यामुळे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हिची अळी स्वच्छ पाण्यात वाढत नाही, ओल्या कुजक्या चिखलात वाढते. शेण, मूत, सडका पाला, खाडीचा गाळ. म्हणून टाकी झाकली, टायर फेकले, गप्पी मासे सोडले तरी हिला काहीच फरक पडत नाही. (ह्याच कुळातले काही चुलत भाऊबंद कोकोच्या फुलांचं परागीभवन करतात, ते नसतील तर चॉकलेटची पंचाईत, तेव्हा सगळ्या खानदानाला शिव्या घालू नका.)

आता तपासण्या, फुकटातल्या आधी.

घड्याळ आणि वारा

पैसे शून्य. संध्याकाळी पडवीत बसून नेमकं कधी चावायला लागतात ते बघा. आपल्याकडे दिवसभर समुद्रावरून खारा वारा असतो, रात्री जमिनीवरून मतलई सुटते, आणि ह्या दोघांच्या मध्ये एक वेळ अशी येते की माडाची झावळीही हलत नाही. चिलटांची वेळ तीच. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर वारा असला की हा किडा उडूच शकत नाही, त्यामुळे आषाढातल्या सोसाट्याच्या वाऱ्यात त्रास कमी आणि पावसाची उघडीप झाली, हवा कोंदट झाली की जास्त.

हे कशाला बघायचं, तर अर्धा उपाय वेळेतच आहे. धार संध्याकाळी सातला काढत असाल तर पाचला काढा. खाडीकाठच्या कुरणात गुरं असतील तर दिवस मावळायच्या तासभर आधी घरी आणा, अंधार पडेपर्यंत तिथे ठेवू नका. होमस्टेवाल्यांनी अंगणातलं जेवण दिवेलागणीला न मांडता तास दीड तास उशिरा मांडावं. एवढ्यावर काहींचं काम भागतं, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पंख्याची टेस्ट

घरातला स्टँडचा पंखा आणा, फुल स्पीडवर पाय आणि कमरेखालच्या भागावर मारा, छतावर नको. चावणं लगेच थांबलं आणि पंखा बंद केल्यावर परत सुरू झालं तर चिलटांचा संशय पक्का होत जातो. डासही वाऱ्याला कमी होतात पण इतका स्वच्छ फरक पडत नाही, आणि पिसवा, गोचीड, खरूज यांना पंख्याचं काहीच पडलेलं नसतं. आणि हीच टेस्ट पुढे उपाय म्हणून वापरता येते.

बल्ब आणि परात

एक पांढरी परात किंवा टब, त्यात पाणी आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, वर हातभर उंचीवर पांढरा बल्ब. संध्याकाळी लावायचं, सकाळी बघायचं. साबण कशासाठी, तर पाण्यावरचा ताण मोडतो आणि किडा तरंगत न राहता बुडतो. मग एक किडा काडीने उचलून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि मोबाईलचा कॅमेरा झूम करा. पंख पाठीवर एकावर एक कात्रीसारखे मिटलेले आणि बऱ्याच जातींत त्यावर राखाडी ठिपके-ठिपके असतात, तो आपला गडी. अंगभर लव आणि पंख इंग्रजी व्हीसारखे वर उभे असतील तर ती वाळूमाशी, तिचं प्रकरण वेगळं. काळा आजार तिच्यामुळे पसरतो, आणि नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ मध्ये सापडलेल्या चांदीपुरा विषाणूचा संबंधही तिच्याशीच जोडला जातो. वाळूमाशी भिंतीच्या भेगांत आणि दमट मातीत राहते, तिथे भेगा लिंपाव्या लागतात. ओळख न पटवता औषध मारलं की पैसे वाया जातात ते ह्यामुळे.

चिखल शोधणे, आणि सगळी मेख इथेच आहे

फवारणी करून हवेतली चिलटं मरतात, त्या संध्याकाळपुरती. चिखलात पुढची तुकडी तयारच असते, उबदार हवेत अंड्यापासून पंखापर्यंत दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून "फवारलं की आठ दिवस बरं वाटतं मग परत" अशी तक्रार सगळीकडे सारखी. फॉगिंगचंही तेच.

बाकी सगळं राहू दे, पण गोठ्याच्या मागच्या बाजूला जा. बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर गोमूत्राच्या मोरीच्या तोंडाशी सापडतं. मोरी गोठ्यातून बाहेर येते आणि तिथेच संपते, पुढे काही नाही, त्यामुळे तिथे कायम हिरवट-काळी रबडी साचलेली. दुसरं, पाण्याच्या कुंडाखाली जिथे तोटी गळते तिथली ओल. तिसरं, शेणाची गायरी, पण मधला ढीग नव्हे, तो आतून तापलेला असतो आणि वरून खपली धरतो, तिथे अळी कमी. गायरीची कड बघा, जिथून रस झिरपून जमीन पायाखाली पचपच करते. चौथं गोबरगॅसच्या स्लरीची टाकी, भरून वाहत असेल तर. पाचवं, वाडीतले केळीचे कापलेले खुंट. घड काढला, केळ तोडली, खुंट तसाच सडायला सोडला, त्या सडक्या गाभ्यात काही जातींची मजेत पैदास होते आणि होमस्टेच्या मागे केळी असतीलच.

खात्री कशी करायची? स्वयंपाकघरात करता येईल अशी एक युक्ती आहे (वहिनींना विचारून आणि जुनं भांडं घेऊन). ज्या जागेचा संशय आहे तिथला वरचा दोन बोटं चिखल मूठभर उचला. डब्यात पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घाला, त्यात चिखल ढवळा आणि थांबा. माती खाली बसते, खारट पाणी जड असल्यामुळे अळ्या वर येतात. दोऱ्याच्या तुकड्यासारखी, पांढुरकी, पाय नसलेली, नखभरही लांब नाही, आणि पाण्यात सापासारखी सळसळ वळवळते. जाड अळी, शेपटीला नळी असली तर ती दुसऱ्या माशीची. ज्या नमुन्यात वळवळ सापडली ती जागा तुमची, बाकीच्या मागे लागू नका.

मग उपाय साधा आहे, कंटाळवाणा आहे पण साधा. ओल तोडायची. तोटीचा वायसर बदला, पाच-दहा रुपयांचं काम. मोरीच्या तोंडचा गाळ दर आठवड्याला खरवडून उन्हात पातळ पसरा, आठवड्याने करायचं कारण अळीला पंख फुटायच्या आत चक्र मोडायचं आहे, महिन्यातून एकदा जोरात साफसफाई करून उपयोग नाही. गायरीवर ताडपत्री घट्ट टाका, कडा मातीने दाबा. केळीचे खुंट उभे चिरून उन्हात सुकवा किंवा बारीक तुकडे करून खतात घाला.

जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल चिखलात ओतायचं नाही. आपल्या कातळात आणि जांभ्यात पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, विहीर खालच्या अंगाला असेल तर ते तुमच्याच कळशीत येणार.

आणि हे काम करताना गमबूट आणि हातमोजे घाला, लाजू नका. पावसाळ्यात आणि नंतर सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस तापाचे) पेशंट निघतात, उंदरांच्या आणि गुरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून तो होतो, आणि चिलटांनी चावून खाजवलेली, सोललेली कातडी म्हणजे त्याला उघडं दारच. गोठा साफ केल्यावर आठ-पंधरा दिवसांत जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरला "मी गोठ्याच्या चिखलात काम केलं होतं" हे स्वतःहून सांगा.

अंगाला लावायचं काय

माणसांसाठी लांब बाह्या, पायजमा, मोजे आणि डीईईटी असलेलं क्रीम, लहान मुलांना लावताना पाकिटावरचं वय वाचून. जनावरांना आमच्याकडे करंजेल किंवा कडुलिंबाचं तेल चोळतात, काही तास बरं चालतं, मग परत लावावं लागतं, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. धूर करायचा तर गोठ्याबाहेर वाऱ्याच्या अंगाला, नारळाची सोडणं आणि ओला पाला, आत कोंडून नको. गुरांनाही खोकला लागतो आणि वर पेंढा असतो हे विसरायला नको.

डेल्टामेथ्रिनसारखं औषध पशुवैद्यकाने सांगितलेल्या मापानेच लावा. नुसतं पाठीवर ओतून उपयोग कमी, चिलटं बसतात पोटाला आणि पायांना, तिथे पोचायला हवं. आणि औषध मारलेलं जनावर लगेच पऱ्यात किंवा वहाळात धुवायला नेऊ नका, मासे आणि कोळंबी मरतात. उरलेलं औषध मोरीत ओतणाऱ्यांना तर काय बोलावं. घरात मांजर असेल तर तिला ते अजिबात लागू देऊ नका.

जाळी, पंखा, उतार : पैसे लागणारी कामं

मच्छरदाणीच्या साध्या जाळीतून चिलट आरामात आत येतं. त्याहून बारीक विणीची जाळी लागते, दुकानात "बारीक चिलटांची" म्हणून मागा आणि उजेडात धरून बघा, भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवं. पण बारीक जाळीने हवा अडते आणि कोकणातल्या उकाड्यात सगळा गोठा जाळीबंद केला तर गाय धापा टाकते, म्हणून जाळी वासरांच्या खणाला किंवा पाहुण्यांच्या खोलीला, आणि मोठ्या गोठ्याला पंखे, गुरांच्या पोटाच्या उंचीवर वारा जाईल असे. इथे थांबा आणि वायरमनला बोलवा. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या गुराला माणसापेक्षा लवकर शॉक लागतो, अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर गोठ्यात पंखा लावूच नका, लांबवर ओढलेली वायर आणि टेप तर नकोच नको.

जमिनीचा उतार बिघडलेला असेल, मूत मागे न जाता पायाखाली साचत असेल, तर खरवडून काही होणार नाही, गवंडी लागणार. दर चार फुटाला इंच-सव्वा इंच उतार पुरतो, त्याहून जास्त दिला तर गाभण गाय घसरते. मोरी पुढे नेऊन शोषखड्ड्यात किंवा नारळाच्या आळ्यात फिरती सोडा.

खाडी आणि कांदळवन ह्यांच्या वाटेला जाऊ नका. काही जाती खाडीच्या गाळात वाढतात आणि त्यांचं उधाणाच्या पाण्याशी गणित असतं हे खरं, पण म्हणून चिपीची झाडं तोडणं, भराव टाकणं बेकायदा आहे, मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनं तोडण्यावर स्पष्ट बंदी घातलेली आहे, आणि एवढ्या मोठ्या गाळात औषध मारून काही साधतही नाही. तिकडून येणाऱ्या चिलटांसाठी वेळ, पंखा आणि जाळी हाच इलाज.

इथे थांबा, डॉक्टरला बोलवा

चिलट नुसतं चावत नाही, जनावरांत रोगही नेतं. आपल्याकडे नेहमी दिसतो तो तिवा. डासांनी आणि चिलटांनी पसरतो असं मानतात. अचानक मोठा ताप, अंग थरथरतं, आज ह्या पायाने लंगडते उद्या त्या, लाळ, रवंथ बंद, दूध एकदम उतरतं. बहुतेक गुरं तीन-चार दिवसांत उठतात आणि म्हणूनच लोक घरगुती काढा करून बाटलीने पाजतात, आणि गुरं तिथेच दगावतात! तिव्यात गिळायची ताकद कमी झालेली असते, काढा फुप्फुसात उतरतो आणि तिव्याने न मेलेली गाय न्यूमोनियाने मरते. तोंडाने काहीही ओतायचं नाही, पाणी पुढ्यात ठेवा, तिला हवं तर पिईल. बसली असेल तर खाली जाड पेंढा, दर दोन-तीन तासांनी कूस बदला, सावली करा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका, डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ पासूनच बंद आहे, श्रीवर्धन-म्हसळ्याकडे जी थोडी गिधाडं उरलीत ती तेच औषध दिलेल्या मेल्या गुरांचं मांस खाऊन संपत आली होती.

दुसरा रोग निळी जीभ, म्हणजे ब्लूटंग. भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला तो आपल्याच महाराष्ट्रात, १९६४ साली, मेंढ्यांत. मेंढीला ताप, तोंड-ओठ सुजतात, तोंडात फोड, नाकातून घट्ट शेंबूड, खुरांच्या वर लाली आणि लंगडणं, कधी जीभ निळसर. गाय आणि शेळी वरून ठणठणीत दिसते पण विषाणू रक्तात बाळगून असते, तिला चावलेलं चिलट पुढे मेंढीला चावतं. दिवाळीनंतर घाटावरून धनगर मेंढरं घेऊन खाली उतरतात, त्यांना आपल्या गायरीशेजारी बसवायच्या आधी हे लक्षात असू द्या. माणसाला हा रोग होत नाही. लस आहे, पण ती आजार यायच्या आधी द्यायची असते, त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात पावसाळ्याआधीच विचारून ठेवा.

तोंडात फोड, गाय दिवसभर उठली नाही, गाभ टाकला, अंगावर गाठी उठल्या, एकाच गोठ्यातली दोन-तीन जनावरं एकदम तापली, ह्यातलं काहीही झालं की परात-बल्ब-मीठ सगळं बाजूला ठेवून १९६२ ला फोन लावा, फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा टोल फ्री नंबर आहे. फोनवर ताप कधीपासून, खाते का, किती जनावरं आणि बाहेरून नवीन जनावर आणलंय का हे चार मुद्दे सांगा.

माणसांचं म्हणाल तर घाबरायचं कारण कमी. दक्षिण अमेरिकेत ओरोपूश नावाचा ताप चिलटांमुळे माणसात पसरतो, आफ्रिकेत एक कृमी पसरतो, आपल्याकडे मुख्य त्रास खाज आणि अ‍ॅलर्जीचा. थंड पाण्याची पट्टी, कॅलामाइन, नखं कापलेली. पण ओठ-डोळे सुजले, श्वास लागला तर १०८. चाव्यात पू झाला, लाली पसरत चालली तर डॉक्टर. आणि ताप आला तर "चिलटांचा असेल" म्हणून अंगावर काढू नका, चिलटांच्या चाव्याने आपल्याकडे असा ताप येत नाही, तो डेंग्यू, मलेरिया, लेप्टो असू शकतो. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्यांनी माकडतापही डोक्यात ठेवावा, तो जंगलातल्या गोचिडीमुळे होतो.

फरक दिसायला किती दिवस

चिखल काढल्यावर दुसऱ्याच दिवशी फोन करू नका. आधी उडालेल्या माद्या दोन-तीन आठवडे जगतात, तेवढे दिवस त्या चावणारच, तोवर पंखा आणि तेल. महिन्याने बल्ब-परात परत लावा आणि आधीच्या परातीशी ताडून बघा, म्हणून पहिल्या वेळचा फोटो काढून ठेवायचा. तेवढीच निघाली तर तुमचा गोठा साफ आहे आणि शेजारच्याची गायरी नाही. हा किडा स्वतःच्या पंखांवर फार लांब जात नाही, बहुधा काहीशे मीटरच्या आतलाच असतो. तेव्हा मिठाचा डबा घेऊन शेजारी जा, पण आधी चहा घ्या, मग चिखलाचा विषय काढा.